गोल्फची बॅग मुंबईत, आपण वेंगुर्ल्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला राहणारं एक मराठी जोडपं आखातात विमान बदलून मुंबईला उतरलं आणि तिथून गोव्यातल्या मोपा विमानतळावर आलं. तिकीट सगळं एकच. कपड्यांची बॅग मिळाली, पण गोल्फची लांब बॅग मुंबईच्या पट्ट्यावर आलीच नाही. पुढचं विमान चुकेल म्हणून काउंटरवर घाईने तक्रार नोंदवून दोघं निघाले. आता चार दिवस वेंगुर्ल्याजवळच्या वाडीतल्या घरी मुक्काम आणि मग तीन दिवस पुण्याहून येणाऱ्या मित्रांबरोबर दक्षिण गोव्यात काणकोणला गोल्फ. बॅग कुठे मागवावी, तोवर खेळायचं कशाने, नवे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, विकत घ्यावेत का आणि झालेला खर्च कोण देणार, असं त्यांनी विचारलं आहे. जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती मात्र फार महत्त्वाची आहे: गृहस्थ डावखुरे आहेत, आणि डावखुऱ्यांचे क्लब वेगळे असतात.

सव्वीस वर्षं मी विमानतळांवर न पोचलेल्या सामानाच्या काउंटरवर काढली, आधी मुंबईत, नंतर गोव्यात. आता कुडाळजवळ राहतो आणि हिवाळ्यात जमेल तसा खेळतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो.

बॅग बहुधा हरवलेली नाही. सामान मागे राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मधे विमान बदलणं. विमानतळांना सामान-शोधाची यंत्रणा पुरवणाऱ्या सीता या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांच्या बाबतीत असा घोळ झाला, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश बॅगा ४८ तासांत मालकाकडे पोचल्या. गोल्फची बॅग मागे राहायला आणखी एक कारण असतं. ती लांब असते, वळणाच्या पट्ट्यावर अडकते, म्हणून ती वेगळ्या वाटेने हाताने न्यावी लागते. जोडविमानाला वेळ कमी असला की हाताने न्यायचं सामान आधी मागे पडतं. मुंबईतही ती नेहमीच्या पट्ट्यावर न येता मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीवर येते. पट्ट्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची बॅग चाळीस पावलांवर उभी आहे, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. तुम्ही ती खिडकी पाहिली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाहिली नसेल तर आज फोन कराल तेव्हा पहिलं तेच विचारा.

आता तक्रारीचा कागद हातात घ्या. त्यावर दहा खुणांचा क्रमांक असेल: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन विमान कंपनीची, मग पाच आकडे. तो क्रमांक आणि तुमचं आडनाव टाकलं की कंपनीच्या संकेतस्थळावर शोध कुठवर आला ते दिसतं. त्या कागदावरच्या तीन गोष्टी आजच तपासा. घाईत लिहिलेल्या कागदावर या तीन हमखास चुकतात.

पहिली, बॅगेचं वर्णन. ‘काळी गोल्फ बॅग’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते नसल्यासारखंच आहे, कारण प्रवासाची कव्हरं बहुतेक काळीच असतात. टॅग फाटून पडला असेल तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरून मालक शोधतात. तिथे तुमचं डावखुरेपण कामी येईल. ‘सर्व क्लब डावखुरे’ हे शब्द नोंदीत घालायला सांगा. शिवाय पटरचं (चेंडू होलमध्ये ढकलायच्या क्लबचं) बनावटीचं नाव, ग्रिपचा म्हणजे मुठीचा रंग, टॉवेलवर काही छापलेलं असेल तर तेही. शंभर काळ्या बॅगांत डावखुऱ्या सेटची बॅग एखादीच निघते.

दुसरी, उतरण्याचं ठिकाण. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना, ज्याची खूण जीओआय. मोपाचा नवा, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली, त्याची खूण जीओएक्स. टॅगवर किंवा नोंदीत एक अक्षर चुकलं की बॅग दाबोळीला जाऊन बसते आणि तुम्ही मोपाला फोन करत राहता. आखातातल्या किंवा लंडनच्या कर्मचाऱ्याला ‘गोवा’ म्हटलं की अजूनही पहिल्यांदा जुनी खूण आठवते. तुमच्या बोर्डिंग पासला चिकटवलेल्या टॅगच्या तुकड्यावर काय छापलं आहे ते वाचा. तिथे जीओआय असेल तर दाबोळीच्या काउंटरलाही फोन करा.

तिसरी, फोन नंबर. तुम्ही लंडनचाच दिला असणार. बॅग घेऊन येणारा टेम्पोवाला किंवा गाडीवाला परदेशी नंबरवर फोन लावत नाही, त्याच्या फोनवर ती सोयच नसते. घरातल्या कुणाचा तरी इथला नंबर द्या, आणि शेजाऱ्याचा दुसरा द्या, कारण किनाऱ्यालगतच्या वाड्यांत एका कंपनीचं नेटवर्क मिळतं तिथे दुसरीचं मिळत नाही.

आता पत्त्याकडे येतो. माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं याच बाबतीत आहे: बॅगेला एकच पत्ता द्या आणि तो बदलू नका. तुम्ही जिथे असाल तो पत्ता देऊ नका, जिथे सतत माणूस असेल तो द्या.

मी स्वतः एकदा उलटं करून पाहिलं. नोकरीत असतानाच दिल्लीहून येताना माझी बॅग राहिली. मी रत्नागिरीत होतो, तिथला पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी मालवणला जायचं होतं म्हणून फोन करून पत्ता बदलला. बॅग रत्नागिरीच्या गाडीत चढली होती, ती परत मागवली. मग मालवणहून देवगडला. प्रत्येक बदलाबरोबर नोंद नव्या माणसाच्या हातात गेली, नवी गाडी ठरली, नवा दिवस गेला. परतीच्या सकाळी ती बॅग मला विमानतळावरच मिळाली. या खात्यातला माणूस असून मी हे केलं, कारण उद्या येईल या आशेवर माणूस पत्ता बदलत जातो.

तुमच्या बाबतीत वेंगुर्ल्याचं घर हाच पत्ता ठेवा. तिथे आई-वडील किंवा काका-काकू असतील, ओसरीवर बॅग उतरवून घेतील. तुम्ही काणकोणला निघून गेल्यावर ती आली तरी पुढे न्यायचं काम घरचं माणूस करू शकतं. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी रोड स्टेशन गाठून कोकण रेल्वेने थेट काणकोणपर्यंत येता येतं, फक्त गाडी काणकोणला थांबते का ते आधी पाहायचं. हॉटेलचा पत्ता तीन दिवसांसाठी देऊ नका. तुम्ही निघून गेल्यावर हॉटेलच्या मागच्या खोलीत राहिलेल्या बॅगा मी पुष्कळ शोधून काढल्या आहेत.

आणि पत्ता लिहायचा कसा? आपल्याकडे घराला नंबर असतो तो ग्रामपंचायतीच्या पावतीवर, गावात तो कुणालाच माहीत नसतो. देऊळवाडी, भटवाडी, गावडेवाडी ही नावं गावोगाव आहेत. एकदा गोव्यातून निघालेली एक गोल्फ बॅग बरोबर देऊळवाडीत पोचली, फक्त गाव दुसरं होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी ती दोन दिवस माळ्यावर जपून ठेवली, मुलाची असेल समजून. तेव्हा गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड हे तर लिहाच, त्याच्या पुढे गाडीवाल्याला समजेल असं लिहा: शिरोडा रस्त्याने येताना अमुक तिठा, तिथून समुद्राच्या बाजूला जाणारी पाणंद, डाव्या हाताला चिऱ्याचा गडगा, लाल फाटक, घरात अमुक नावाने हाक मारणे. घराचं अधिकृत नाव काहीही असो, गावात ज्या नावाने ओळखतात ते द्या. तिठ्यावरच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा. गाडीवाला तिथे थांबून ‘खंयची वाडी?’ विचारणारच आहे.

मुंबईत बॅग आली की ती मालकाशिवाय कस्टम्समधून सोडवावी लागते. त्यासाठी कंपनी तुमच्याकडून सही केलेलं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत मागते. बॅगेला कुलूप असेल तर किल्लीचा किंवा आकड्यांचा प्रश्न येतो. हे कागद त्यांनी मागेपर्यंत थांबू नका, आजच मेलने पाठवून द्या, आतल्या सामानाची यादी जोडून, आणि ‘वापरलेले वैयक्तिक क्रीडासाहित्य’ असं स्पष्ट लिहून. बॅगेत नातेवाइकांसाठी काही नवं सामान असेल तर तेही लपवू नका, कारण त्यावरून प्रश्न निघाला तर बॅग तिथेच अडते.

बॅगेत शोध-टॅग टाकला असेल, एअरटॅगसारखा, तर आयफोनवरून त्याचं ठिकाण दुवा पाठवून विमान कंपनीला दाखवता येतं. ही सोय २०२४ च्या अखेरीपासून आहे आणि बऱ्याच कंपन्या ती स्वीकारतात. नुसतं ‘बॅग मुंबईत दिसतेय’ सांगण्यापेक्षा तो दुवा नोंदीला जोडायला लावा.

आता खेळाचं. काणकोणला राजबागच्या किनाऱ्याला लागून नऊ होलचं मैदान आहे. वाटेत मोबोरला, साळ नदी समुद्राला मिळते तिथे, बारा होलचं छोटं मैदान आहे. याखेरीज मुंबई-खारघर सोडलं तर आपल्या किनाऱ्यावर गोल्फ फारसं नाही. तेरेखोलला मोठ्या मैदानाचा बेत आला होता तेव्हा गावातून विरोध झाला. कुळागरांची, काजूची जमीन त्यासाठी द्यावी असं मलाही वाटत नाही. तर सांगायचं म्हणजे भाड्याचे क्लब मिळण्याची ठिकाणं मोजकीच आहेत, आणि तिथेही उजव्या हाताचे सेट जास्त, डावखुरे असलेच तर एखाद-दुसरा. मैदानावर पोचून विचारू नका. आज फोन करा, डावखुरा सेट आहे का, शाफ्ट म्हणजे दांडा कोणता, किती क्लब, हे विचारा आणि असेल तर तुमच्या नावाने राखून ठेवायला सांगा.

पण तुमचे मित्र पुण्याहून गाडीने येत आहेत ना? मग त्याहून सोपा मार्ग तोच आहे. पुण्यात गोल्फ खेळणारे भरपूर, तिथे डावखुरा माणूस आणि त्याचा जुना सेट शोधणं सोपं. त्यांना हाफ सेट आणायला सांगा, पूर्ण नको. नियमाने १४ क्लबपर्यंत मुभा आहे, पण किमान किती हवेत असा नियमच नाही. लांब फटक्याला एक तीन नंबरचं वूड किंवा हायब्रिड, मधल्या अंतराला पाच, सात आणि नऊ नंबरची आयर्न, वाळूतून चेंडू काढायला एक सँड वेज आणि पटर, एवढ्यावर नऊ होलचं मैदान सुखाने खेळता येतं. मी तर म्हणेन की उसना ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, घेऊच नका. दुसऱ्याच्या शाफ्टवर सगळ्यात जास्त घोळ ड्रायव्हरचाच होतो. सहा क्लब असले की कुठला घ्यायचा हा विचार कमी होतो आणि सात नंबरच्या आयर्नने अर्धा, पाऊण असे फटके मारावे लागतात. समुद्रावरून वारा येणाऱ्या मैदानावर ते फटके नाहीतरी लागतातच.

पटर मात्र हाताला बसेल असा निवडून आणायला सांगा, लांबी विचारून. आणि पुढच्या वेळी पटर तरी विमानात जवळ ठेवावा असा विचार कराल, तर तसं करू नका. आपल्याकडे गोल्फचे क्लब हातसामानात चालत नाहीत, सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

नवा सेट घेऊ नका. सावंतवाडी-कुडाळात तो मिळणार नाही, पणजी-मडगावात हवा तसा डावखुरा मिळेल याची खात्री नाही, आणि चार दिवसांत तुमची बॅग आली तर दोन सेट लंडनला न्यावे लागतील. बूट राहिले असतील तर चांगल्या पकडीचे साधे खेळाचे बूट चालतात. कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट सावंतवाडीच्या बाजारात मिळते. जीन्स घालून मैदानावर जाऊ नका.

वेंगुर्ल्यात हाताला चाळा म्हणून सराव करावासा वाटेल. सड्यावर क्लब मारू नका. वरून गवत दिसतं, खाली कातळ असतो, मनगट आणि क्लब दोन्ही जातात. किनाऱ्यावर चेंडू मारू नका हे मी विशेष आग्रहाने सांगतो. हिवाळ्यात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, राजबागच्या पलीकडचा गालजीबागही त्यांचाच. वाळूत रुतलेले चेंडू पुढे समुद्रात जातात. घरापुढच्या खळ्यात एखादी काठी घेऊन चेंडूशिवाय नुसता स्विंग करा. प्रवासाने आखडलेली पाठ त्याने सुटते, तेवढं पुरे.

पैशांकडे वळतो. तुमचं तिकीट एकच आणि ते आंतरराष्ट्रीय, म्हणून मुंबई–मोपा हा देशांतर्गत टप्पाही त्याच प्रवासाचा भाग धरला जातो आणि विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ पासून त्यात आहे. सामान उशिरा आल्याने झालेल्या नुकसानीची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास किंवा थोडी वर जाते, दर बदलत असतो. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली भरपाई नव्हे. जेवढं नुकसान पावतीने दाखवाल तेवढंच मागता येतं. तुम्ही मुंबई–मोपाचं तिकीट वेगळं काढलं असतं आणि बॅग त्या टप्प्यात राहिली असती, तर देशांतर्गत मर्यादा फक्त २०,००० रुपये. एकाच तिकिटावर येण्याचा हा मोठा फायदा आहे.

क्लबच्या भाड्याचे पैसे मागण्याआधी कंपनीला मेल करा: अमुक तारखेला खेळ ठरलेला आहे, बॅग त्याआधी आली नाही तर डावखुरा सेट भाड्याने घ्यावा लागेल, अंदाजे खर्च इतका, हरकत असल्यास कळवा. खेळाच्या आरक्षणाची प्रत जोडा. फोनवर कुणी ‘घ्या हो, देऊ पैसे’ म्हटलं तरी ते कागदावर येत नाही. काउंटरवरच्या माणसाच्या हातात मंजुरी नसते, मी तिथे बसलो आहे म्हणून सांगतो. त्याच्यावर चिडून उपयोग होत नाही, त्याच्याकडून नोंद नीट करून घेण्याने होतो.

पावत्यांचं कोकणात जरा जपायला लागतं. बाजारातला दुकानदार कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. त्याला छापील बिलबुकातली पावती मागा: दुकानाचं नाव, तारीख, वस्तू, सही-शिक्का. यूपीआयने पैसे द्या, म्हणजे बँकेतही नोंद राहते. पण पावतीशिवाय नुसता त्या व्यवहाराचा फोनवरचा फोटो कंपन्या नाकारतात, कारण त्यात काय घेतलं ते दिसत नाही. मित्राने उसना आणलेला सेट फुकट असेल तर त्याचं भाडं लावू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या पावत्यांवरही शंका घेतात.

मुदती दोन आहेत. बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत उशिराबद्दलची लेखी मागणी कंपनीकडे गेली पाहिजे. काही मोडलं असेल तर त्यासाठी फक्त ७ दिवस. मुंबईत नोंदवलेली तक्रार म्हणजे ही मागणी, असं समजू नका; वेगळं पत्र किंवा मेल करा. बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून तिच्या किमतीची मागणी करता येते. दाव्यासाठी २ वर्षं मिळतात. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारचं एअरसेवा हे विमानप्रवाशांच्या तक्रारींचं पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. प्रवासविमा काढला असेल तर त्याचा कागदही वाचा. उशिराची भरपाई ठरावीक तासांनंतर सुरू होते आणि खेळाच्या साहित्याला बहुधा वेगळी, कमी मर्यादा असते.

बॅग येईल तेव्हा गाडीवाला घाईत असेल. तरी त्याच्यासमोर उघडा. ड्रायव्हर क्लबची मान आणि शाफ्टचा जोड पाहा, क्लब मोजा. काही मोडलं असेल तर पोच-पावतीवरच लिहा आणि फोटो काढा. मग सगळी हेडकव्हरं काढून क्लब पडवीत वाऱ्यावर ठेवा. दोन दिवस कुठल्या तरी गोदामात, कदाचित पावसात, उभी राहिलेली बॅग आतून ओली असते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत हातमोज्याला बुरशी आणि वेजला गंज धरायला वेळ लागत नाही. उन्हात ठेवू नका, ग्रिप कडक होतात.

आणि परतताना. गोल्फ बॅगेचे खिसे मोठे, त्यामुळे घरची माणसं त्यात कोकम, आमसुलं, काजूगर भरतात. भरू द्या, फक्त खोबऱ्याचा गोटा नको. अख्खं सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून. पॉवर बँक आणि अंतर मोजायच्या दुर्बिणीची सुटी लिथियम बॅटरीही त्या बॅगेत नको, ती हातसामानात घ्या. तपासणीत यातलं काही दिसलं की बॅग बाजूला काढतात, तुमच्या नावाची घोषणा होते, आणि ती तुम्ही ऐकली नाही तर विमान बॅग इथेच ठेवून जातं. काकूंना हे आधीच सांगून ठेवा, कारण त्या ते तुम्ही झोपल्यावर भरतात.